संत बहिणाबाई शिऊरकर : घरातला जाच आणि हरिनाम

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त हे स्मरणपुस्तक निघत आहे आणि मंडळींनी आमच्याकडून एका संताचं चरित्र लिहून मागितलं. आम्ही चौथीपर्यंत शिकलेले शेतकरी. आयुष्य औताच्या मागं गेलं, एकादशीला कीर्तनाला उभं राहिलो, पण लेखणीची सवय नाही. श्रोते जसं आमचं उणं-अधिक पोटात घालतात, तसं वाचणाऱ्यांनीही घालावं.

ज्ञानोबाराय, नामदेवराय, नाथमहाराज, तुकोबाराय यांची चरित्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. या पुस्तकासाठी दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या, तेव्हा मालकांची नावं सापडली, विणेकऱ्यांची, चोपदारांची, पंगत घालणाऱ्यांची सापडली. विण्याच्या मागं तुळस डोईवर घेऊन ज्या बाया शंभर वर्षं चालल्या, त्यांचं नाव मात्र सापडेना. अमक्याची आई, तमक्याची सासू, एवढंच. म्हणून आम्ही ठरवलं की चरित्र लिहायचं तर शिऊरच्या बहिणाबाईचं लिहायचं. तिनं आपलं नाव आणि आपलं घर, दोन्ही स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलं आहे.

आधी एक खुलासा करतो, कारण गावोगावी हा घोटाळा होतो. खानदेशात, जळगावजवळ असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. जात्यावर आणि शेतात गाणी रचणारी ती शेतकरी माय 1880 साली जन्मली. आम्ही सांगतो ती बहिणाबाई तिच्या अडीचशे वर्षं आधीची, तुकोबारायांची शिष्या. आणि आपण वारकरी जनीला, मुक्ताईला आईसारखं एकेरी बोलावतो, तसंच इथंही बोलावणार आहोत. त्यात प्रेम आहे, कमीपणा नाही.

बहिणाबाईचा जन्म शके 1550, म्हणजे 1628 सालचा. गाव देवगाव, आज त्याला देवगाव रंगारी म्हणतात. वेरूळचं लेणं आणि घृष्णेश्वर तिथून जवळ. बाप आऊजी कुलकर्णी, आई जानकी. त्यांना पुष्कळ दिवस मूल नव्हतं. वेरूळच्या तीर्थावर त्यांनी अनुष्ठान केलं आणि मग ही मुलगी झाली. पहिली मुलगी झाली म्हणून घरात तोंड वाकडं झालं नाही. लेक शुभ पायाची निघाली असंच आईबापांनी मानलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या घरात लेकीचं स्वागत झालं. आज शिकल्या-सवरलेल्या घरात काय होतं ते आम्ही सांगायला नको.

लहानपणी ती भातुकलीच्या जोडीनं देवाचं नाव घ्यायची. पण खेळायचं वय पुरं व्हायच्या आत तिसऱ्या वर्षी तिचं लग्न लागलं. नवरा शिऊरच्या पाठकांच्या घरातला, वय तीस वर्षं, बिजवर. ज्योतिष आणि वेदविद्या जाणणारा. तिनं पुढं आपल्या निवेदनात नवऱ्याचं वर्णन चांगलं आणि विद्वान पुरुष म्हणूनच केलं आहे. त्या काळची रीत तशी होती, असं आपण म्हणतो आणि पुढं जातो. पण तीन वर्षांची पोर आणि तीस वर्षांचा माणूस, हे दोन आकडे शेजारी ठेवून घडीभर बघावेत. तिचा संसार सुरू झाला तेव्हा तिला संसार हा शब्दही कळत नव्हता.

ती नऊ वर्षांची असताना देवगावात भाऊबंदकी पेटली. कुलकर्णीपणाच्या भांडणात बापाला कोंडण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा हाच जावई शिऊरहून धावून आला, त्यानं सासऱ्याला सोडवलं, आणि सगळं कुटुंब रातोरात गाव सोडून निघालं. म्हणजे पाठक माणूस वाईट होते असं एका शब्दात सांगून मोकळं होता येत नाही. सासऱ्याच्या अडचणीला ते जिवावर उदार होऊन उभे राहिले. माणूस बाहेर एक असतो आणि घरात आपल्या बायकोपुढं दुसरा असतो, हे आपण गावात रोज बघतो.

मग भटकंती सुरू झाली. भिक्षा मागत, कोरडा शिधा मिळेल तो घेत, शिखर शिंगणापूर करून ही मंडळी पंढरपुराला आली. पांडुरंगाचं पहिलं दर्शन बहिणाबाईला असं वणवण करताना झालं. तिथून रहिमतपूर. एक ब्राह्मण काशीला गेला होता, त्याची वृत्ती चालवायला पाठक तिथं राहिले. तो परत आल्यावर पुन्हा बोचकी बांधली आणि कोल्हापूर गाठलं. तिथं हिरंभट नावाच्या वेदसंपन्न ब्राह्मणानं त्यांना आपल्या घरात आसरा दिला. बहिणाबाईचं वय तेव्हा अकरा वर्षं.

कोल्हापुरात तिच्या कानावर पुराण आणि हरिकीर्तन पडू लागलं. तुकोबारायांचे अभंग देहूहून निघून कोल्हापुरापर्यंत लोकांच्या तोंडी पोचले होते. ते अभंग तिच्या मनात घर करून बसले. अकरा वर्षांच्या पोरीला आवडत्या गोष्टीचं नाव सापडलं.

आता वासराची कथा. ही आपण कीर्तनात पुष्कळ वेळा ऐकतो. हिरंभटांना एका यजमानानं काळी कपिला गाय दान दिली होती. हिरंभटांनी ती पाठकांना दिली. ती व्याली आणि तिचं वासरू बहिणाबाईला असं लागलं की तिच्या मागंमागं घरात, पाण्यावर, कथेला, जाईल तिथं येऊ लागलं. ती जवळ नसली तर दूध पिईना. त्या दिवसांत जयरामस्वामी वडगावकर कोल्हापूरला आले होते. त्यांच्या कीर्तनाला बहिणाबाई गेली, पाठोपाठ वासरू. गर्दी होती म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं, ते हंबरू लागलं. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी त्याला आत आणवलं, वासराच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बहिणाबाईच्याही डोक्यावर ठेवला.

गावात चर्चा झाली. कोणी कौतुकानं बोललं, कोणी कान भरले. पाठकांच्या कानावर गेलं की तुमची बायको स्वामींच्या सभेत बसली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. ते तडक घरी आले. केस धरून तिला ओढलं, मारलं, आणि हातपाय बांधून घरात टाकलं.

कीर्तनात हा प्रसंग आला की बहुतेक वेळा श्रोत्यांचं ध्यान वासराकडे लागतं. तिला बांधल्यावर गायीनं आणि वासरानं चारापाणी सोडला, मुक्या जनावराला भक्ती कळली, असं सांगितलं की सभा डोळे पुसते. ते खरंच आहे. पण आम्ही म्हणतो, घडीभर त्या दोराकडे बघा. गोठ्यात वासराला दोर आणि माजघरात बहिणाबाईला दोर. अकरा वर्षांची मुलगी. तिचा गुन्हा काय तर ती कीर्तन ऐकायला गेली आणि एका साधूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आईबाप त्याच छपराखाली होते. तरी मार बसलाच. कारण लग्न झालेल्या लेकीला नवऱ्यानं मारलं तर मध्ये पडायचा हक्क आईबापालासुद्धा नाही, अशी समजूत होती. ती समजूत संपली का, हे ज्यानं त्यानं आपल्या आळीत उभं राहून बघावं.

आणि मारणारा कोण होता? दारू पिणारा नव्हता, अडाणी नव्हता. चार वेदांची चर्चा करणारा, पंचांग सांगणारा, लोक ज्याच्या पाया पडतात असा माणूस होता. नवरा शिकला की सुधारतो असं आपण मुलीला स्थळ बघताना म्हणतो. बहिणाबाईचं चरित्र सांगतं की विद्या डोक्यात असली म्हणून हात आपोआप आवरत नाही. हात आवरायला वेगळं शिक्षण लागतं.

वासरू त्या दुःखात गेलं. लोकांनी भजन करत नेऊन त्याला मूठमाती दिली. बहिणाबाई बेशुद्ध पडली आणि काही दिवस तशीच होती. त्या अवस्थेत तिला पांडुरंगाचं दर्शन झालं आणि कार्तिक वद्य पंचमीच्या रात्री स्वप्नात तुकोबाराय आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अमृत पाजलं आणि राम कृष्ण हरी हा मंत्र दिला. तुकोबारायांना तरी त्यांचे गुरू बाबाजी स्वप्नातच भेटले होते आणि हाच मंत्र मिळाला होता. तीच परंपरा इथं चालली. एक विचार आमच्या मनात नेहमी येतो. जिला उंबऱ्याबाहेर पडायची मुभा नाही, तिला गुरूनं भेटायचं तर कुठं भेटायचं? स्वप्नात नवरा आडवा येत नाही. म्हणून तुकोबाराय तिथं गेले.

मंत्र मिळाला तसं घरातलं भांडण वाढलं. तुकोबाराय जातीनं कुणबी, वाणगट, शास्त्रानुसार शूद्र म्हणवले जाणारे. पाठकांना दोन गोष्टी सोसवेनात. एक, ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करावं. दुसरी, गावचे लोक बहिणाबाईच्या दर्शनाला येऊ लागले, तिच्या पाया पडू लागले, आणि घरात बसलेल्या विद्वान नवऱ्याला कोणी विचारीना. पहिली गोष्ट धर्माची म्हणून सांगायची होती, पण आतला सल दुसरीचा होता. बायकोचा मान वाढला की काही पुरुषांना आपला मान कमी झाल्यासारखा वाटतो. मानाची काय पोत्यातली ज्वारी आहे, की एकानं मापून नेली म्हणजे दुसऱ्याची घटली?

पाठकांनी ठरवलं की घर सोडून तीर्थाटनाला निघून जायचं. बहिणाबाई तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती. तिला आईबापाच्या गळ्यात टाकून जायचं, पुन्हा तोंड बघायचं नाही, असा बेत झाला.

या काळात तिनं मनात जे सोसलं ते तिनं अभंगांतून मांडलं आहे. बाईचा देह दुसऱ्याच्या ताब्यात, वेद तिच्या कानावर पडायचा नाही, मंत्र तिनं म्हणायचा नाही, मग तिनं आपलं हित कसं करून घ्यायचं, असा सवाल तिनं देवालाच केला. जीव देण्याचा विचारही येऊन गेला. घरात नवरा रागावेल म्हणून मनातल्या मनात विठ्ठल म्हणायचा, हा तिचा नेम झाला. आम्ही पुष्कळ शास्त्र्यांची प्रवचनं ऐकली, पण बाईला परमार्थात कुठं कुठं अडवलं जातं, ते इतकं सरळ सांगणारं दुसरं कोणी आम्हाला भेटलं नाही. परमार्थाचा पहिला पहारेकरी घरातच बसलेला असतो, हे तिनं सांगितलं.

मग घडलं असं की पाठक निघायच्या बेतात असतानाच आजारी पडले. महिनाभर ताप हटेना, औषध लागू पडेना. अन्नाची वासना गेली. जिला टाकून जायचं होतं, तीच रात्रंदिवस उशाशी बसली. पडल्या पडल्या पाठकांना वाटू लागलं की आपण तुकोबांची आणि पांडुरंगाची निंदा केली त्याचं हे फळ. एक म्हातारा ब्राह्मण येऊन त्यांना समजावून गेला की ही बायको तू का टाकतोस, हिच्यात काय उणं आहे ते तरी सांग. त्या घटकेला त्यांचं मन फिरलं. बरे झाल्यावर त्यांनीच देहूला जायचं काढलं.

या ठिकाणी सांगणारे लोक चटकन म्हणतात, बघा, बाईनं सोसलं म्हणून शेवटी नवरा सुधारला. तेव्हा बायांनो, सोसत राहा. आम्हाला हा अर्थ पटत नाही. पाठक सोसण्यानं बदलले नाहीत. ती सोसत होती तोवर ते मारतच होते. ते बदलले तेव्हा ते स्वतः अंथरुणाला खिळलेले होते, आपल्याला पाणी द्यायला कोणाचा तरी हात लागतो हे त्यांना कळलं होतं, आणि एका चार शब्द बोलणाऱ्या माणसानं त्यांना तोंडावर विचारलं होतं. कोल्हापुरात इतकी मंडळी होती, त्यांपैकी विचारणारा एक निघाला. तोच आधी निघाला असता तर दोर कदाचित पडलाच नसता. तो म्हातारा म्हणजे प्रत्यक्ष देव होता असं भाविक म्हणतात. असेल. पण शेजारच्या घरात बाई रडत असताना दार वाजवायला देवानंच यावं, अशी वाट बघायची का?

देहूला तुकोबारायांचं प्रत्यक्ष दर्शन झालं. स्वप्नात जे रूप पाहिलं तेच समोर. इंद्रायणीचा काठ, विठ्ठलाचं देऊळ, रोजचं कीर्तन. आनंदओवरीत तिनं बैठक घातली आणि नामात बुडून गेली. तिथं मंबाजी गोसावी होते. त्यांचं म्हणणं, तुम्ही ब्राह्मण, तेव्हा आमचे शिष्य व्हा. या दोघांनी सांगितलं की आमचे गुरू तुकोबा. मंबाजी खवळले, तुम्हाला वाळीत टाकीन म्हणाले. आता गंमत बघा. जे मंबाजी बोलत होते तेच पाठक सहा महिन्यांपूर्वी आपल्या घरात बोलत होते. आणि आज तेच पाठक बायकोच्या बाजूनं उभे राहिले. माणूस बदलू शकतो याची आम्हाला या चरित्रातली सगळ्यात मोठी साक्ष ही वाटते. चमत्कारापेक्षा मोठी.

मंबाजीनं त्यांची गाय चोरून नेली, कोंडली आणि चाबकानं मारली. त्या गायीच्या पाठीवरचे वळ तुकोबारायांच्या पाठीवर उमटले. मंबाजीच्या घराला आग लागली तेव्हा गाय सापडली. ही कथा बहिणाबाईनं डोळ्यांनी पाहिलेली म्हणून सांगितली आहे. तुकोबारायांनी मुक्या जनावराचा मार आपल्या अंगावर घेतला. ही कथा सांगताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो आम्ही सभेपुढं ठेवतो. कोल्हापुरात बहिणाबाईला मार बसला तेव्हा गावात किती जणांच्या पाठीवर वळ उठले? वारकऱ्याची ओळख गळ्यातल्या माळेवरून होते, कपाळाच्या गोपीचंदनावरून होते, पण खरी ओळख यावरून व्हावी की दुसऱ्याला लागलेलं त्याच्या पाठीला कळतं का.

देहूला तिला मुलगी झाली, काशीबाई. पुढं मुलगा झाला, त्याचं नाव विठोबा. कोल्हापूरचं ते वासरूच पोटी आलं असं तिनं मानलं. तुकोबाराय फाल्गुन वद्य द्वितीयेला वैकुंठाला गेले. त्यानंतर काही काळ तिला समर्थ रामदासांचा सहवास घडला. पुढं ती शिऊरला येऊन राहिली. हे शिऊर वैजापूर तालुक्यात आहे आणि तिथंच तिची समाधी आहे.

आता एक अवघड गोष्ट. तिच्या अभंगांत पतिव्रतेचे धर्म पुष्कळ सांगितले आहेत. नवऱ्याची सेवा हाच बायकोचा देव, अशा अर्थाचं तिनं लिहिलं आहे. हे आम्ही झाकणार नाही. पुष्कळ जण कीर्तनात तेवढेच अभंग काढतात आणि बाया खाली मान घालून ऐकतात. पण ज्याला ते अभंग गायचे आहेत त्यानं सगळा गाथा वाचावा. ज्या तोंडानं तिनं नवऱ्याची सेवा सांगितली, त्याच तोंडानं केस धरून ओढल्याचं आणि दोरानं बांधल्याचंही सांगितलं. तिनं नवरा सोडला नाही आणि विठ्ठलही सोडला नाही. नवऱ्यानं सांगितलं म्हणून तिनं तुकोबांचं नाव टाकलं का? नाही टाकलं. सेवा केली, पण मनाचा ताबा दिला नाही. आजच्या लेकीसुनांना तिचं सोसणं नेमून देणं हा तिच्या चरित्राचा उपयोग नव्हे. त्या काळी तिच्यापुढं दुसरी वाट नव्हती. आज आहे. घरातल्या मारहाणीविरुद्ध 2005 साली कायदा झाला. लेकीला बापाच्या मिळकतीत बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात 1994 सालीच मिळाला. कागदावर मिळाला, सातबाऱ्यावर किती जणींचं नाव चढलं ते प्रत्येकानं आपल्या घरचा उतारा काढून बघावं.

जातीच्या बाबतीतही ती गप्प बसली नाही. ब्राह्मण कोणाला म्हणावं याचा विचार करणारा वज्रसूची हा संस्कृत ग्रंथ तिनं मराठी अभंगांत आणला. ज्ञानदेवांनी पाया रचला आणि तुकोबा कळस झाले, हा दृष्टांत ज्या अभंगात आहे तो आपण तिचाच म्हणून गातो. वेद ऐकू नये अशी जिला बंदी, तिनं संप्रदायाची सगळी इमारत चार चरणांत उभी करून दाखवली. आज दर हरिपाठानंतर, दर कीर्तनात आपण पाया आणि कळस म्हणतो. ती ओळख आपल्याला एका बाईनं करून दिली.

शेवटी शके 1622, म्हणजे 1700 साली, आश्विन शुद्ध प्रतिपदेला तिनं देह ठेवला. वय बहात्तर वर्षं. अंतकाळ जवळ आल्याचं तिला कळलं तेव्हा तिनं मुलाला, विठोबाला, जवळ बोलावलं आणि आपल्या मागच्या बारा जन्मांची आणि या तेराव्या जन्माची हकिकत सांगितली. आम्हाला यात विशेष वाटतं ते हे, की आईनं आपलं सोसणं मुलाला सांगितलं. आपल्या घरातल्या बाया हे लेकीला सांगतात, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. मुलाला सांगत नाहीत. त्याला वाईट वाटेल, बापाबद्दल त्याचं मन कलुषित होईल, म्हणून झाकतात. मग तो मुलगा मोठा होऊन बापासारखाच वागतो, कारण त्याला काही कळलेलंच नसतं. बहिणाबाईनं मुलाला सांगितलं, आणि नवऱ्याचे गुण आणि अवगुण दोन्ही सांगितले. प्रत्येक आईनं हे करावं आणि प्रत्येक मुलानं खाली बसून ऐकावं.

तिच्या पुण्यतिथीचा दिवस आपल्याला विसरायला नको. आश्विन शुद्ध प्रतिपदा म्हणजे घटस्थापना. त्या दिवशी घरोघरी घट बसतात, माळ चढते, नऊ दिवस आपण देवीपुढं अखंड दिवा ठेवतो. दिव्यात तेल घालायला रात्री कोण उठतं? घरची बाई उठते. उपास तिचा, फराळ करायचा तो तिनंच, आणि आरतीचं ताट हातात धरून पुढं उभा राहणारा पुरुष. मातीच्या घटाला आपण इतकं जपतो. घरात जी चालती-बोलती माणसं आहेत त्यांना त्याच दिवसापासून थोडं जपायला लागलो, तर बहिणाबाईची पुण्यतिथी पोचली म्हणू.

आम्ही शेतकरी आहोत, म्हणून शेतकऱ्याच्या घरचंच सांगतो. आषाढीची वारी निघते तेव्हा पेरणीचे दिवस असतात. पुरुष पताका घेऊन निघतो, कोणाला विचारत नाही, घरी सांगतो. त्याच्या मागं धारा कोण काढतं, कुळव कोणाकडून मारून घेतं, म्हाताऱ्यांचं कोण बघतं? बाई. आणि बाईला वारीला यायचं असलं तर तिला आधी नवऱ्याला विचारावं लागतं, मग सासूला, मग सुनेला, मग गाय कोण बघेल ते ठरवावं लागतं, आणि इतकं करून ती दिंडीत आली की पालावर चुलीपाशी बसते. पुरुषांची वारी घराबाहेर पडल्यावर सुरू होते, बाईची वारी घरातून बाहेर पडता येणं हीच असते. तिचे पहिले चार कोस उंबऱ्याच्या आतच होतात.

तेव्हा शंभराव्या वर्षी आमची दिंडीच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे. वह्यांत यापुढं बायांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावानं लिहावीत. घरचं कामकाज बघायला पुरुषानं एक वर्ष मागं राहावं आणि बायकोला वारीला पाठवावं, अशी पाळी लावून घ्यावी. पंगतीत वाढायला पुरुषांनी उभं राहावं, आपण तर पंढरीच्या देवाला माउली म्हणतो, आईचं काम करण्यात कसली लाज? आणि शेवटचं. माळ नसलेल्या माणसाच्या गळ्यात आपण वीणा देत नाही, हा आपला शंभर वर्षांचा नियम आहे. त्याला एक नियम जोडावा. जो घरी बायकोवर हात टाकतो, त्याच्याही गळ्यात वीणा देऊ नये. तो कितीही जुना वारकरी असो, कितीही गोड गाणारा असो, आमच्या घरचा असो. त्यानं आधी घरी जाऊन हात जोडावेत, मग विण्याला हात लावावा.

पाठक बदलले, म्हणून कोणीही बदलू शकतो, यावर आमचा विश्वास आहे. पण त्यांना बदलायला महिनाभराचा ताप यावा लागला. आपल्याला तेवढं नको. बहिणाबाईचं चरित्र ऐकून झालं तर बरं.

शिऊरला जाणं झालं तर समाधीवर डोकं टेकवावं. जाणं झालं नाही तर घटस्थापनेच्या दिवशी घरातल्या बाईनं म्हणावा तो अभंग आपण मागं बसून ऐकावा आणि टाळ धरावा.

बहिणाबाई माउलीच्या चरणी आणि दिंडीतल्या सर्व मायबहिणींच्या चरणी आमचा दंडवत.

राम कृष्ण हरी.